गुलाबफुलांची काढणीपश्चात हाताळणी

गुलाबफुलांची काढणीपश्चात हाताळणी म्हणजे दांड्यासह कापलेले गुलाबाचे फूल झाडापासून वेगळे झाल्यापासून ग्राहकाच्या फुलदाणीत पोहोचेपर्यंत त्यावर केल्या जाणाऱ्या सर्व क्रिया होत. कापणीची अवस्था व वेळ, पाण्यात ठेवणे, पूर्वशीतकरण, प्रतवारी, बांधणी, साठवण आणि वाहतूक यांचा तीत समावेश होतो. नीट हाताळलेला गुलाब २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या खोलीत साधारणतः ७ ते १२ दिवस टिकतो. दुर्लक्षिलेला तीन-चार दिवसांत मान टाकतो. टिकाऊपणा वाणावर आणि लागवडीवर अवलंबून असतोच. तथापि एकाच बागेतील, एकाच वाणाच्या दोन फुलांत दिसणारा हा फरक बहुतांशी कापणीनंतरच्या पहिल्या काही तासांत पडलेला असतो आणि नंतर कितीही काळजी घेतली तरी तो भरून निघत नाही.

परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. देवपूजेसाठी व हारासाठी आखूड देठाची फुले हाताने खुडली जातात. त्या क्रियेस शेतकरी ‘तोडणी’ म्हणतात. लांब दांड्याचे फूल सिकेटरने कापले जाते. त्यासाठी ‘काढणी’ किंवा ‘कापणी’ हे शब्द रूढ आहेत. बाजारात हरितगृहातील लांब दांड्याच्या फुलास ‘डच गुलाब’ म्हणतात व त्याची २० नगांची गड्डी बांधली जाते. हे नाव लागवडीच्या पद्धतीवरून व वाणांवरून पडले असून फूल मात्र मावळातले असते.

कापलेल्या फुलाचे शरीरशास्त्र

कापलेले फूल मृत नसते. ते श्वसन करते, पाणी ओढते, पानांवाटे पाणी सोडते आणि उमलतेही. मात्र मुळांपासून तुटल्यामुळे पाण्याचा पुरवठा आणि पानांत तयार होणाऱ्या अन्नाचा ओघ या दोन्ही गोष्टी थांबलेल्या असतात. त्यानंतरचे आयुष्य म्हणजे दांड्यात व पाकळ्यांत शिल्लक असलेल्या शर्करेवर काढलेले दिवस होत.

गुलाबाच्या बाबतीत अन्नाआधी पाणी संपते. दांड्यातील प्रकाष्ठाच्या सूक्ष्म नलिकांत पाण्याचे अखंड स्तंभ असतात आणि पाने बाष्पोच्छ्वासाने ते वर ओढत असतात. दांडा कापताक्षणी हा ताण सुटतो आणि कापलेल्या टोकातून हवा आत शिरते. हवेचा बुडबुडा नलिकेत अडकला की फूल पाण्यात उभे असूनही तहानलेले राहते. दुसरा अडथळा जीवाणूंचा. दांड्याच्या जखमेतून झिरपणारा रस व पाण्यात बुडालेली पाने यांवर ते झपाट्याने वाढतात आणि नलिकांची तोंडे चिकट थराने बंद करतात. पाण्यातील जीवाणूंची संख्या दर मिलिलिटरला दहा लाखांच्या पुढे गेली की दांड्याची पाणी ओढण्याची शक्ती स्पष्टपणे घटते. असे पाणी अनेकदा डोळ्यांना स्वच्छच दिसते.

पाण्याच्या तुटीचे सर्वांत परिचित लक्षण म्हणजे फुलाची मान वाकणे. कळीच्या लगेच खालचा भाग हा दांड्याचा सर्वांत कोवळा भाग असतो. त्याच्या पेशी पुरेशा काष्ठमय झालेल्या नसल्याने तो केवळ पाण्याच्या दाबावर ताठ उभा असतो. दाब कमी झाला की कळीचा भार त्याला पेलत नाही. बाजारात याला ‘फूल जुने झाले’ असे म्हणतात; प्रत्यक्षात असे फूल बहुधा वयाने तरुणच असते.

उष्णतेचा परिणाम यापेक्षा छुपा असतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. दुपटीचाच हिशेब धरला तरी ३२ अंशांच्या छपरीत गेलेला एक तास २ अंशांच्या शीतगृहातील आठ तासांएवढा ठरतो. सकाळी कापून दुपारपर्यंत बांधावर पडलेले फूल अशा रीतीने दोन दिवसांचे आयुष्य खर्चून बसते, आणि तरीही ते पाहून कोणालाच काही कळत नाही.

एथिलीन हा वायू वनस्पतींचे वार्धक्य घडवून आणतो. गुलाबाची काही वाणे त्यास फारशी दाद देत नाहीत. काहींत मात्र कळी अकाली व वेडीवाकडी उमलते, मुळीच उमलत नाही किंवा पाकळ्या व पाने गळतात. पिकणारी फळे, वाहनांचा धूर आणि सडणारी फुले ही एथिलीनची नेहमीची उगमस्थाने आहेत. लाल पाकळ्या कालांतराने निळसर-जांभळ्या पडतात, ते मात्र निराळे कारण आहे. शर्करा संपल्यावर पेशी प्रथिने मोडू लागतात, त्यातून अमोनिया तयार होतो, पेशीरसाची आम्लता कमी होते आणि रंगद्रव्याची छटा बदलते. निळसर कडा दिसल्या की फुलाचा शिधा संपला असे समजावे.

काढणी

कळी घट्ट असताना, संदले (कळीखालची हिरवी पाने) मागे वळून खाली झुकू लागली व बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या की फूल काढतात. लाल व गुलाबी वाणांस ही अवस्था योग्य मानली जाते; पिवळी वाणे लवकर उमलत असल्याने किंचित आधी, तर पांढरी किंचित उशिरा कापतात. फार लवकर कापलेली कळी उमलतच नाही आणि तिची मानही हमखास वाकते. फार उशिरा कापलेले फूल प्रवासात चोळामोळा होते. दूरच्या बाजारासाठी कळी घट्टच हवी हे खरे. परंतु दूर पाठवायचे म्हणून कच्ची कळी कापणे ही चूक वारंवार होते आणि तिची किंमत कापणाऱ्यास न कळता ग्राहकास मोजावी लागते.

कापणी पहाटे किंवा सायंकाळी करतात. पहाटे दांड्यात पाणी भरपूर असते. सायंकाळी दिवसभरात तयार झालेली शर्करा अधिक असते. दुपारची कापणी दोन्ही दृष्टींनी वाईट होय. धारदार व निर्जंतुक केलेल्या सिकेटरने, झाडावर पाच पर्णिकांची निदान दोन पाने राहतील अशा बेताने तिरका छेद घेतात. बोथट हत्याराने नलिका चेंगरतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापलेला दांडा लगेच, बागेतच, पाण्याच्या बादलीत गेला पाहिजे. हातात शंभर फुलांचा भारा जमेपर्यंत थांबण्याची पद्धत सोयीची असली तरी तेवढ्या अवधीत पहिल्या फुलाच्या नलिकांत हवा शिरलेली असते.

पाणी आणि द्रावणे

बादली प्लॅस्टिकची व रोज धुतलेली असावी. धातूशी आम्लयुक्त द्रावणाची अभिक्रिया होते. पाण्यात सायट्रिक आम्ल घालून त्याचा सामू ३.५ च्या आसपास आणतात. आम्लधर्मी पाणी नलिकांत सुलभतेने चढते आणि जीवाणूंची वाढही मंदावते. अशा पाण्यात फुले तीन-चार तास थंड जागी ठेवली की कापणीच्या वेळी झालेली तूट पुष्कळशी भरून निघते.

पाण्याच्या मूळ गुणवत्तेकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की गुलाबाचे फुलदाणीतील आयुष्य घटू लागते. महाराष्ट्राच्या कालव्याखालील जुन्या बागायती पट्ट्यांत, प्रवरा खोऱ्यातही, अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी याहून कितीतरी खारे असते. कठीण पाण्यात सामू खाली आणण्यास आम्लही जास्त लागते. झाड जे पाणी जमिनीतून चालवून घेते तेच तुटलेल्या दांड्यास चालेल असे नाही. पावसाचे साठवलेले किंवा क्षारविरहित केलेले पाणी बादल्यांपुरते वापरणे हा उपाय वाटतो तितका खर्चिक नाही, कारण त्यासाठी लागणारे पाणी सिंचनाच्या मानाने नगण्य असते.

फुलदाणीच्या द्रावणात साधारण २ टक्के साखर, आम्ल आणि जंतुनाशक असे तीन घटक असतात. जंतुनाशक म्हणून हायड्रॉक्सिक्विनोलिन सायट्रेट दर लिटरला २०० मिलिग्रॅम किंवा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट सुमारे ३०० मिलिग्रॅम वापरतात. दुसऱ्यामुळे पाण्याची आम्लताही वाढते. साखरेचे प्रमाण वाढवल्यास पाने करपतात. एथिलीनच्या परिणामास आळा घालण्यासाठी सिल्व्हर थायोसल्फेटचा वापर होत असे. चांदी हा जड धातू असल्याने उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट ही अडचण ठरते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिस्लर व सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी शोधलेला १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू आता त्याऐवजी वापरला जातो. तो पेशींतील एथिलीनची जागा अडवून बसतो.

शीतकरण व साठवण

शेतातून आलेल्या फुलातील उष्णता शक्य तितक्या लवकर काढून घेणे म्हणजे पूर्वशीतकरण. पाण्यात उभी असलेली फुले २ ते ४ अंश तापमानाच्या खोलीत काही तास ठेवून हे साधतात. गुलाब हे समशीतोष्ण प्रकृतीचे फूल असल्याने त्याला थंडीची इजा होत नाही, ०.५ ते २ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास ते दोन आठवड्यांपर्यंत साठवता येते. अँथुरियमसारखी उष्ण कटिबंधातील फुले याच खोलीत काळवंडतात, म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

शीतगृहातून एकदम उष्ण हवेत आणलेल्या फुलांवर दव धरते. त्या ओलाव्यात बोट्रायटिस ही करडी बुरशी वाढते. तिची बीजे बागेतूनच आलेली असतात. डाग मात्र बाजारात पोहोचल्यावर दिसतात आणि दोष वाहतूकदाराच्या माथी बसतो. यासाठी पाकळ्या कोरड्या राखणे हाच प्रमुख उपाय आहे. फुले ताजी दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारण्याची सवय सर्वत्र आढळते. पाणी शिंपडणे म्हणजे पाणी पाजणे नव्हे. पाणी दांड्याने वर जावे लागते, आणि पाकळीवर राहिलेला थेंब केवळ बुरशीच्या कामी येतो.

प्रतवारी आणि बांधणी

दांड्याची लांबी (बहुधा ४०, ५०, ६० सेंमी अशा टप्प्यांनी), सरळपणा, कळीचा आकार आणि कीड-रोगांचा अभाव यांवरून प्रत ठरते. गड्डीतील सर्व कळ्या एकाच अवस्थेतील असाव्यात. कळ्यांभोवती पन्हळी पुठ्ठा गुंडाळून गड्डी बांधतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत आडवी भरतात. खोक्याच्या दोन्ही टोकांना थंड हवा खेळण्यासाठी भोके ठेवलेली असतात. थप्पी रचताना ती बुजली तर शीतवाहनाचा उपयोग उरत नाही. काटे व पाने फक्त खालच्या भागातील काढावीत. काटे ओरबाडल्याने साल सोलली जाते आणि प्रत्येक जखम जीवाणूंना वाट करून देते.

महाराष्ट्रातील स्थिती

निर्यातक्षम गुलाबाच्या उत्पादनात पुणे जिल्ह्याचा मावळ तालुका अग्रेसर आहे. तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुष्पोत्पादनासाठी स्वतंत्र क्षेत्र विकसित केले असून पवना खोऱ्यातील गावांतही लहान शेतकऱ्यांची हरितगृहे आहेत. सौम्य हवामान आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गामुळे विमानतळाची जवळीक ही तेथील जमेची बाजू होय. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’, ‘बोर्डो’ ही लाल वाणे तेथे प्रचलित आहेत. १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनासाठी छाटणीपासून कळीपर्यंतचे सुमारे ४५ दिवस मोजून डिसेंबरच्या मध्यास छाटणी केली जाते आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत फुले परदेशी जातात. त्या पंधरवड्यात शीतगृह काही तास बंद पडणे म्हणजे वर्षाच्या सर्वांत महाग मालाचे आयुष्य घटणे. काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी कृषी पणन मंडळाची संस्था तळेगाव येथेच आहे, तर पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. देशांतर्गत विक्रीसाठी पुण्याचे गुलटेकडी मार्केट यार्ड आणि मुंबईत दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई ही मोठी केंद्रे होत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील चित्र याहून वेगळे आहे. भंडारदरा धरणाच्या (१९२६) पाण्यावर प्रवरेच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा राहिला. श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे या पट्ट्यातील नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. या परिसरात व शेजारच्या राहाता, कोपरगाव तालुक्यांत गुलाब घेतला जातो तो प्रामुख्याने उघड्या शेतात आणि शिर्डीच्या साईबाबा मंदिरासाठी. ‘ग्लॅडिएटर’सारखी उघड्यावर येणारी वाणे महाराष्ट्रात अशा लागवडीसाठी परिचित आहेत. पहाटे तोडलेले फूल काही तासांत भाविकाच्या हाती पडत असल्याने त्याच्या टिकाऊपणाचा प्रश्नच उद्भवत नसे.

तो २०२० मध्ये उद्भवला. करोना साथीमुळे मंदिर बंद झाले. ते उघडल्यावरही फुले-हार आत नेण्यावरील बंदी पुढे अनेक महिने, नव्हे काही वर्षे, कायम राहिली आणि २०२४ च्या अखेरीस न्यायालयाच्या परवानगीनंतर उठली. जवळचा बाजार बंद झाला की लांबचा बाजार हाच पर्याय उरतो. बेलापुराहून पुणे चार-पाच तासांच्या अंतरावर, मुंबई त्याहून दूर. परंतु एका दिवसासाठी तोडलेले, आखूड देठाचे, पाण्याचा स्पर्श न झालेले फूल उन्हाळ्यात तेथपर्यंत विकण्याजोगे पोहोचत नाही. फूल किती दिवस टिकते यावर ते आज, मिळेल त्या भावाने, विकावेच लागेल की दोन दिवस थांबता येईल हे ठरते. उत्पादकाच्या दृष्टीने टिकाऊपणाचा खरा अर्थ हाच आहे. न खपलेल्या फुलांचा गुलकंद करावा असा सल्ला दिला जातो. मात्र कीटकनाशके फवारलेली संकरित फुले खाण्यासाठी वापरणे योग्य नाही.

शीतगृह नसतानाही बरेच काही करता येते. उत्तर अहिल्यानगरातील उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो आणि कोरड्या हवेत बाष्पीभवनाने होणारा गारवा अधिक मिळतो. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ तयार केला. विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंमी अंतर सोडून ते वाळूने भरतात, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवतात आणि वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण घालतात. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. हा कक्ष २ अंशांच्या शीतगृहाची बरोबरी करत नाही आणि पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो. पण ४० अंशांवरून २६-२७ अंशांवर येणे म्हणजे श्वसनाचा वेग निम्म्याहून खाली आणणे होय. याला पहाटेची कापणी, शेतातच ठेवलेली स्वच्छ बादली आणि रात्रीचा प्रवास यांची जोड दिली तर विजेवाचून फुलाचे दोन-तीन दिवस वाचू शकतात.

वाहतुकीत या भागापुरती एक विशेष खबरदारी घ्यावी लागते. राहाता परिसर पेरूसाठी प्रसिद्ध आहे आणि भाड्याची बचत म्हणून एकाच टेम्पोत फळे व फुले भरण्याचा मोह होतो. पिकते पेरू, आंबे किंवा केळी बंद गाडीत रात्रभर एथिलीन सोडत राहतात. त्यांच्या शेजारची फुले सकाळी सुकलेली दिसली नाहीत तरी त्यांचे आयुष्य कमी झालेले असते.

ग्राहकाच्या घरी

घरी आणलेल्या गुलाबाचे दांडे पाण्याखाली धरून तळापासून दोन-तीन सेंमी कापावेत, म्हणजे हवा शिरलेला व जीवाणूंनी बुजलेला तुकडा निघून जातो. पाण्यात बुडतील तेवढीच पाने काढावीत. फुलदाणी साबणाने घासलेली असावी आणि पाणी रोज, निदान दिवसाआड, बदलावे. नुसती साखर टाकणे अहितकारक आहे, कारण फुलाआधी ती जीवाणूंना मिळते. साखरेबरोबर लिंबाचा रस व जंतुनाशक असले तरच तिचा उपयोग होतो. तांब्याचे नाणे टाकण्याची जुनी रीत निरुपद्रवी आहे, एवढेच म्हणता येईल. नाण्यातून पाण्यात उतरणारे तांबे जीवाणूंना रोखण्यास पुरेसे नसते. फुलदाणी पंख्याखाली, उन्हात किंवा फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये.

मान वाकलेले फूल लगेच टाकून देण्याचे कारण नाही. दांडा पाण्याखाली पुन्हा कापून, मान सरळ राहील अशा रीतीने गड्डी कागदात घट्ट गुंडाळावी आणि दांडे खोल पाण्यात बुडवून तास-दोन तास सावलीत ठेवावे. अडथळा हवेचा असेल तर मान पुन्हा उभी राहते. कळी कच्ची कापलेली असेल, किंवा वाकलेल्या जागी चिमटल्यासारखी घडी पडली असेल, तर ती राहत नाही. मग कळी देठापाशी कापून उथळ वाटीत तरंगत ठेवावी.